सोसांक

चंद्रावर हवामान नसतं, असं शाळेच्या पुस्तकांत अजूनही छापलेलं असतं. वारा नाही, ढग नाहीत, पाऊस नाही, हे खरंच आहे. पण 'शुभ्रा' वस्तीतल्या साठ-पासष्ट माणसांचा दिवस हवामानाचा अंदाज ऐकूनच सुरू व्हायचा. हे हवामान सूर्याचं होतं. सूर्यावर एखादा मोठा स्फोट झाला की प्रोटॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा लोंढा अवकाशात सुटतो. पृथ्वीवरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण पृथ्वीचं चुंबकत्व आणि तिच्याभोवतीची हवा हे कण वरच्यावर अडवतात. चंद्राकडे अडवायला काहीच नाही. तिथे उघड्यावर असलेल्या माणसाच्या अंगातून हे कण आरपार जातात आणि जाताना पेशींमधले डीएनएचे धागे तोडत जातात. त्या वेळी काहीच कळत नाही. दुखत नाही, चटका बसत नाही. कळतं ते नंतर.

म्हणून शुभ्रा वस्ती जमिनीखाली होती. तरी पाइप, तारा, खाणीची यंत्रं यांसाठी कुणाला ना कुणाला वर जावंच लागे. सकाळी जेवणघराच्या पडद्यावर सूर्याचा अंदाज झळके आणि त्याच्याखाली त्या दिवशी बाहेर जाणाऱ्यांची नावं. महिनोन् महिने त्यात पहिलं नाव एकच असायचं : वैजयंता मगदूम.

वैजयंता इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला होते. तिने आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून आधी समुद्रातल्या तेलाच्या पाइपलाइनवर काम केलं आणि तिथून ती चंद्रावर आली. वय चौतीस, बांधा दणकट, आवाज मोठा. नवरा सन्मती आणि मुलगी ओवी घरी इचलकरंजीला. बाहेर जायला ती कधी कुरकुर करत नसे. उलट परत आल्यावर शिरस्त्राण काढत म्हणायची, "पृथ्वी आज काय देखणी दिसत होती! तुम्ही आपलं बसा बिळात."

तिला इतकं बाहेर पाठवण्यामागे कुणाचा आकस नव्हता. त्यामागे एक गणित होतं, आणि ते गणित मांडणारी बाई वस्तीतच राहत होती.

डॉ. इरावती सबनीस वस्तीची आरोग्य-अधिकारी होती. एम.एस्सी. झाल्यावर तिने किरणोत्सर्गाचा डोस आणि त्याचे माणसावरचे परिणाम मोजण्याचा विषय घेतला, तेव्हा तिच्या मार्गदर्शकांनीच तिला सावध केलं होतं. "या विषयात नाव होत नाही. तुझं यश म्हणजे लोकांना न झालेले आजार. ते कुणाला दाखवणार तू?"

पण इरावतीला नाव नको होतं, एक उत्तर हवं होतं. तिची थोरली बहीण चारुलता अकरा वर्षांची असताना तिला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला. किरणोपचारांनी ती खडखडीत बरी झाली. तेहेतिसाव्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. तिने डॉक्टरांना विचारलं, "लहानपणच्या त्या उपचारांमुळे झाला का?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. तो डोस घेतलेल्या शंभरजणींतल्या काहीजणींना होतो. त्या काहीजणींत तुम्ही आहात की तुम्हाला तो एरवीही झाला असता, हे कळायला मार्ग नाही." चारुलता वर्षभराने गेली. ते 'सांगता येत नाही' इरावतीच्या मनातून गेलं नाही.

त्या काळी किरणोत्सर्गाचं सगळं शास्त्र गर्दीचं शास्त्र होतं. हजार माणसांना अमुक डोस मिळाला तर अमुक जण आजारी पडतील, एवढं सांगता यायचं. कोण पडेल, ते नाही. म्हणून डोसची मर्यादाही सगळ्यांना सारखीच असे. इरावती आणि तिच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षं खपून 'प्रतिदेह' तयार केला. प्रतिदेह म्हणजे एका विशिष्ट माणसाचं संगणकातलं दुसरं शरीर. त्याच्या रक्ताच्या थेंबावरून, हाडांच्या आणि अवयवांच्या चित्रांवरून ते उभं केलं जाई. त्या शरीराला हवा तो डोस द्यायचा आणि काय होतं ते पाहायचं. खऱ्या माणसाला काही होण्याच्या आधीच ते कळत असे.

प्रतिदेहातून प्रत्येक माणसाचा एक आकडा निघे. त्याला त्यांनी सोसांक म्हटलं, म्हणजे हे शरीर किरणोत्सर्ग किती सोसू शकतं त्याचं माप. सर्वसाधारण माणसाचा सोसांक एक. इरावतीचा स्वतःचा पाऊणच्या आसपास. काहींचा अर्ध्याहूनही कमी निघाला. जुन्या नियमात हीच माणसं इतरांएवढा डोस घेऊन गुपचूप आजारी पडत होती. आता त्यांना वेळीच आत ठेवता येऊ लागलं. अशी कितीतरी माणसं इरावतीला नावानिशी माहीत होती. ती जिवंत होती, त्यांना मुलंबाळं झाली होती. मर्यादा ठरवणाऱ्या समितीपुढे इरावतीनेच ठामपणे सांगितलं, की सगळ्यांना समान डोस हा न्याय नव्हे, समान धोका हा न्याय. समितीला पटलं. नियम बदलला.

वैजयंताचा सोसांक सहा होता. एवढा मोठा आकडा आजवर कुणाचाच आला नव्हता.

सहामाही तपासणीला ती आली तेव्हा बाही वर करता करता म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मी सगळ्यांपेक्षा जास्त बाहेर जाते. तरी तुमचं गणित म्हणतंय, माझा धोका बाकीच्यांएवढाच. ते कसं काय?"

इरावतीने जरा विचार केला. "मागावर धागा तुटतो तेव्हा काय करतात?"

"गाठ मारून जोडतात की."

"आणि गाठ चुकली तर?"

"कापडात खोट येते."

"तुमच्या पेशींमध्येही तसंच होतं. किरणांनी धागे सगळ्यांचेच तुटतात. तुमच्या अंगातले कारागीर ते फार पटकन जोडतात आणि गाठ सहसा चुकवत नाहीत. आमच्या अंगातले चुकवतात. ती चुकलेली गाठ म्हणजे पुढे कधीतरी होणारा कर्करोग."

वैजयंता खूश झाली. "म्हंजे माझ्या बापासारखे म्हणा की." मग म्हणाली, "पण आमच्याकडं ज्याचा हात चांगला, त्याच्याकडं मालक आणखी माग द्यायचे. दोनाचे चार, चाराचे सहा. बाप घरी यायचा तवा त्याला उभं राहवायचं न्हाई."

इरावतीने हसून विषय बदलला.

त्यानंतर दीड महिन्याने, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सर्वांत मोठं सौरवादळ आलं.

धोक्याची सूचना मिळाली तेव्हा वस्तीतली माणसं सगळ्यांत खोल असलेल्या आसरा-दालनात गोळा झाली. दक्षिणेकडच्या खाणीत काम करणारे अकरा जण तिथल्याच भुयारात थांबले. भुयार खोल होतं, त्यामुळे किरणांची भीती नव्हती. पण त्यांची हवा वस्तीतून पाइपने जात असे, आणि वादळाच्या पहिल्याच तडाख्यात वाटेतल्या एका झडपेचा संगणक बिघडला. झडप आपोआप बंद झाली. खाणीत होती तेवढी हवा जेमतेम पाच तास पुरणार होती. वादळ दोन दिवस चालणार होतं.

दोन यंत्रमानव पाठवले. तेच कण त्यांच्या मेंदूतूनही आरपार गेले आणि दोन्ही वाटेतच उभे राहिले. आता झडप हाताने उघडायला कुणीतरी माणूस जाणं एवढाच उपाय उरला. जाऊन-येऊन दीड तास, उघड्यावर.

वस्तीप्रमुख दिनकर ओगले इरावतीला म्हणाले, "सगळ्यांचे प्रतिदेह चालवा. नियमाप्रमाणे निकाल सगळ्यांसमोर दाखवावा लागेल."

दहा मिनिटांत निकाल पडद्यावर आला. झडपेचं काम करू शकणाऱ्यांत बहुतेकांच्या नावापुढे जगण्याची शक्यता शून्याच्या आसपास होती. खालून दुसरं नाव पास्कल डाबरे या वसईच्या पोक्त अभियंत्याचं. त्याचा सोसांक दीड. सहांत एक शक्यता. शेवटचं नाव वैजयंताचं. ती आजारी पडेल, फार आजारी पडेल, पण दहांत नऊ वेळा जगेल.

"कुणावरही सक्ती नाही," ओगले म्हणाले. ते कुणाकडेच पाहत नव्हते. इतरांनीही माना खाली घातल्या होत्या. मग एकेक करून त्या वर झाल्या आणि वैजयंताकडे वळल्या.

"मी न्हाई जाणार," वैजयंता म्हणाली.

"पुढच्या यानानं मी घरी निघालेय. ओवी नऊ वर्षांची झाली. तीन वर्षं झाली तिला जवळ घेऊन. आम्हाला आणखी एक मूल पाहिजे. इथं आल्यापास्नं सगळ्यांच्या वाटचं ऊन मीच खाल्लं. आता पुरे."

"तुमचा तो हक्क आहे," ओगले म्हणाले. "तुम्हाला कुणी दोष देणार नाही."

आणि खरोखरच कुणी दोष दिला नाही. खाणीतल्या एका भूशास्त्रज्ञाची बायको, निशिगंधा, कोपऱ्यात बसून पदराने तोंड दाबून रडत होती. तिनेही वैजयंताला एक शब्द विचारला नाही.

पास्कल डाबरे उठला. भिंतीला टांगलेला पोशाख काढून त्याने पाय घालायला सुरुवात केली. "ती झडप मीच बसवली होती," तो कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाला. त्याला बकल लागत नव्हतं. शेजारचा माणूस पुढे झाला आणि त्याने ते लावून दिलं. त्याला अडवलं मात्र कुणीच नाही.

वैजयंता इरावतीजवळ येऊन खाली बसली.

"मॅडम, आधी असं काही झालं तर काय करायचे ओ? हे आकडे नव्हते तवा?"

"चिठ्ठ्या टाकायचे."

"मग टाका की चिठ्ठ्या."

"आता कशा टाकणार?" इरावतीचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांची चिठ्ठी सारखी होती. आता कुणाची चिठ्ठी निघाली तर तो मरणार, हे आधीच ठाऊक आहे. तुमची सोडून."

वैजयंता खालच्या आवाजात म्हणाली, "तुमचं गणित चुकू शकतं ना?"

या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दालनात फक्त इरावतीला माहीत होतं. प्रतिदेह हजारो माणसांवर पडताळलेला होता : रुग्ण, वैमानिक, अणुभट्ट्यांतले कामगार, जुन्या अपघातांत सापडलेले लोक. पण त्यांत एकाचाही सोसांक तीनच्या पुढे नव्हता. सहाच्या आकड्याला प्रतिदेह काय सांगतो, ते केवळ आलेखाची रेघ पुढे ओढून काढलेलं उत्तर होतं. तिथे खरं माणूस कधी गेलंच नव्हतं. हे सांगितलं तर वैजयंता थांबेल आणि पास्कल मरायला जाईल. नाही सांगितलं तर वैजयंता अर्धवट माहितीवर जाईल. इरावतीला दोन्ही वाटा स्पष्ट दिसत होत्या, आणि दोन्हींपैकी एकही बरी नव्हती.

"चुकू शकतं," ती म्हणाली. "तुमच्यासारखं कुणी याआधी आम्हाला मिळालंच नव्हतं. तुमच्या आकड्याची खात्री मी देऊ शकत नाही."

"आणि पास्कलभाऊंच्या?"

इरावतीने मान खाली घातली. "त्यांचा चुकणार नाही."

वैजयंताने पडद्यावरच्या शेवटच्या दोन नावांकडे पाहिलं. मग उठून पास्कलपाशी गेली. "काढा ते, भाऊ," ती चिडून म्हणाली. "तुम्हाला साधं बकल लावता येईना, झडप काय उघडताय?" पास्कल तिच्याकडे पाहत राहिला आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला. निशिगंधा धावत येऊन वैजयंताच्या पाया पडली. वैजयंताने पाय मागे घेतले. "उठा ओ, असं नका करू," ती म्हणाली, आणि कुणाकडे न पाहता पोशाख चढवू लागली.

झडप उघडली. अकराही जण वाचले.

वैजयंता परत आली ती आपल्या पायांनी. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. मग काही दिवस ती बरी दिसत होती, जेवत होती, ओवीशी बोलत होती. नंतर केस गेले, तोंडात फोड आले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरत घसरत जवळजवळ नाहीशा झाल्या. इरावती तिच्या खाटेशेजारून हलली नाही. समोरच्या पडद्यावर दोन रेघा होत्या : एक प्रतिदेहाने आधीच काढून ठेवलेली, दुसरी वैजयंताच्या खऱ्या रक्ताची. दुसरी पहिलीवर पडत होती, जणू कुणी गिरवत होतं. रेघ कुठे जाणार ते इरावतीला ठाऊक होतं. ती थांबवणं तिच्या हातात नव्हतं. जी औषधं होती ती सगळी दिली होती, आणि प्रतिदेहाने ती आधीच हिशेबात धरली होती. एका दुपारी दुःखाच्या मधोमध इरावतीला आपलं गणित बरोबर आल्याचं समाधान वाटून गेलं. ती तशीच उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

वैजयंता जगली. चौथ्या महिन्यात ती घरी पोहोचली. डोळ्यांत मोतीबिंदू होऊ लागले होते. दुसरं मूल आता होणार नव्हतं.

जगभरच्या शास्त्रज्ञांनी तो आलेख पाहिला. सहाच्या आकड्याशी आता एक खरा बिंदू होता. त्याला 'मगदूम बिंदू' असं नाव पडलं. प्रतिदेह आता सगळ्या आकड्यांना लागू पडतो हे सिद्ध झालं, आणि मग तो कुणा एकाचा राहिला नाही. कुठल्याही दवाखान्यात थेंबभर रक्तावरून सोसांक मिळू लागला. जगात जुन्या अणुभट्ट्या मोडायच्या होत्या, गळकी कोठारं साफ करायची होती, मंगळाकडे यानं निघायची होती. मोठ्या आकड्याच्या माणसांना बोलावणी येऊ लागली. प्रत्येक बोलावण्यात ठळकपणे लिहिलेलं असे, की सक्ती नाही. पण एखाद्या शहराजवळचं कोठार गळू लागलं आणि त्या शहरात साडेचार आकड्याचा एखादा शिक्षक राहत असला, की सक्तीची गरजच पडत नसे. शेजारीपाजारी फक्त त्याच्या घराकडे पाहत. मूल जन्मलं आणि त्याचा आकडा कमी आला, की काही घरांत आता पेढे वाटत.

इरावती पृथ्वीवर परतून वर्ष झालं होतं. एके दिवशी तिला वैजयंताचा फोन आला.

"मॅडम, शाळेत पोरांचं रक्त घेऊन गेलेत. ओवीचंही. आज आकडा यायचाय. तुम्ही काहीतरी करा. एक लिहा, दोन लिहा. सहा नको."

हे फोनवर सांगण्यासारखं नाही, असं इरावतीला वाटलं. ती पुण्याहून निघाली आणि दुपारी इचलकरंजीला पोहोचली. घर लहान, स्वच्छ होतं. भिंतीपलीकडे माग खडखडत होते. वैजयंताच्या डोळ्यांवर जाड चष्मा होता. ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली.

"सांगा," ती समोर बसत म्हणाली.

"माझ्या हातात काही नाही, वैजयंताताई. तिचा आकडा मी कमी लिहिला तरी दुसऱ्या दवाखान्यात दुसऱ्या थेंबावरून खराच येईल. आता ते माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही."

"तुम्हीच केलंय ना हे सगळं?"

"हो."

"मग मोडा की."

"कळलेली गोष्ट परत न कळल्यासारखी करता येत नाही," इरावती म्हणाली. बहिणीला डॉक्टरांनी दिलेलं ते उत्तर, सांगता येत नाही, आज तिला हेवा वाटावा असं वाटलं.

तेवढ्यात दारात चपला फेकल्याचा आवाज आला आणि ओवी आत आली. उंच, सावळी, दोन वेण्या. धावत आल्याने तिला धाप लागली होती.

"आई, माझा सगळ्यांत जास्त आला! सात पूर्णांक दोन! तुझ्यापेक्षा जास्त! सरांनी मला पुढं उभं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यशराजचा अर्धाच आला, तो रडला."

वैजयंताने तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. कसलेला हात केसांवरून फिरत राहिला. मग ती इरावतीकडे वळली. जाड भिंगांमागे तिचे डोळे फार मोठे दिसत होते.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. हिला एवढं एक शिकवा. न्हाई म्हणायला शिकवा. मला जमलं न्हाई."

इरावती ओवीकडे पाहत राहिली. वीस वर्षं तिने माणसाच्या शरीराचा कण न् कण गणितात बसवला होता. हाडं, आतडी, रक्त, पेशींमधला धागा न् धागा. नकार त्यात कुठेच नव्हता.

ओवीने आधी आईकडे पाहिलं, मग पाहुणीकडे, आणि ती हसली.

"नाही म्हणायला काय शिकायचं असतं, आई?"